विद्यापीठप्रवेशाची पात्रता आणि आपल्या शाळा

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ साली घेण्यात आली. न्यायमूर्ती रानडे हे त्या पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांपैकी एक होत. ही परीक्षा शाळेची नव्हे, विद्यापीठाची होती. जो ती उत्तीर्ण झाला तो विद्यापीठात शिरला. शाळेचा शेवट आणि विद्यापीठाचा आरंभ एकाच दारात होत असे. पुढे शालान्त परीक्षा मंडळे आली, दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला, आणि वैद्यक, अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, विधी अशा प्रत्येक विद्येसाठी स्वतंत्र नियामक संस्था व स्वतंत्र परीक्षा उभ्या राहिल्या. एका दाराची अनेक दारे झाली. परंतु आपल्या समाजाची कल्पना मात्र अद्याप त्या एका दाराभोवतीच घोटाळत आहे. मुलगा बारावीत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला की त्याला हव्या त्या विद्येचा मार्ग मोकळा झाला, अशी पालकांची, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ शिक्षकांचीही, समजूत असते.

ही समजूत दूर करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आम्हांस जे सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे: विशेष पदवीक्रमांची पात्रता प्रवेशपरीक्षेच्या दिवशी ठरत नाही. ती त्यापूर्वी दोन वर्षे, कधी दहा वर्षे आधी, शाळेच्या कागदांवर ठरून गेलेली असते. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. आणि म्हणून हा विषय केवळ शिकवणीवर्गांकडे सोपवून आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही.

आरंभी चार शब्दांचे अर्थ निराळे करून घेणे इष्ट होईल. उत्तीर्ण होणे म्हणजे मंडळाने ठरविलेले किमान गुण मिळविणे. पात्र होणे म्हणजे त्या विशिष्ट पदवीसाठी अर्ज करण्याची अट पुरी करणे. गुणानुक्रम म्हणजे पात्र ठरलेल्यांच्या रांगेतील आपले स्थान. आणि जागेचा हक्क म्हणजे कोणत्या राज्याच्या, कोणत्या वर्गाच्या जागांसाठी आपण त्या रांगेत उभे राहू शकतो ही गोष्ट. एखादा विद्यार्थी उत्तीर्ण असून अपात्र असू शकतो. पात्र असून रांगेत फार मागे असू शकतो. आणि रांगेत पुढे असूनही ज्या जागा भरल्या जात आहेत त्यांवर त्याचा हक्क नसू शकतो. पालकांची निराशा बहुधा या चार गोष्टी एकच मानण्यातून जन्मते.

पहिला उंबरठा विषयांचा. आपल्या भागात दहावीनंतर मूल पी. यू. कॉलेजात जाते व तेथे त्याला विषयांचे 'कॉम्बिनेशन' निवडावे लागते. पी. सी. एम. बी. म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व जीवशास्त्र, पी. सी. एम. सी. म्हणजे जीवशास्त्राच्या जागी संगणकशास्त्र. ही निवड पुष्कळदा मित्र कोठे जातात, कोणत्या तुकडीत जागा शिल्लक आहे, यांवर होते. पण या एका अक्षराच्या फरकाने पुढचे मार्ग ठरतात. वैद्यक व दंतवैद्यक या पदव्यांस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान, आणि इंग्रजी हे विषय आवश्यक आहेत. शास्त्राच्या तिन्ही विषयांत मिळून खुल्या वर्गाच्या विद्यार्थ्यास ५० टक्के व अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांस ४० टक्के गुण लागतात. प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. ज्या मुलांस लहानपणी एक इयत्ता गाळून पुढे ढकललेले असते त्यांच्या बाबतीत ही वयाची अट एखादे वर्ष अडवून धरते, हेही ध्यानात ठेवावे.

अभियांत्रिकीस गणित हवे, जीवशास्त्र नको. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीस भौतिक व रसायन अनिवार्य असून गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक पुरते; म्हणून ज्याचा निश्चय अजून झालेला नाही त्याला हे क्षेत्र दोन्ही बाजूंनी उघडे राहते. वास्तुशास्त्राची गोष्ट निराळी. चित्रकला चांगली म्हणून मुलीला वास्तुविशारद करावे असे पालकांच्या मनात येते, पण त्या पदवीस भौतिकशास्त्र व गणित लागते हे त्यांना ठाऊक नसते. त्याशिवाय वास्तुशास्त्र परिषदेची 'नाटा' ही अभिरुचिपरीक्षा, किंवा राष्ट्रीय संस्थांसाठी जेईई मेनची वास्तुशास्त्राची पत्रिका, द्यावी लागते. कलाशाखेत गेलेल्या उत्तम चित्रकार मुलीस ललितकलेची पदवी मिळू शकेल, वास्तुशास्त्राची नाही. विधीच्या पंचवार्षिक पदवीस मात्र विषयांचे बंधन नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार बारावीस खुल्या वर्गास ४५, इतर मागासवर्गीयांस ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींस ४० टक्के एवढीच गुणांची अट आहे. कलाशाखेची मुले या मार्गाकडे पुरेशी वळत नाहीत याचे कारण त्यांना तो कुणी दाखविला नाही, एवढेच असावे.

विषयनिवडीतील चूक अगदीच अपरिवर्तनीय आहे असे नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये असे जाहीर केले की, बारावीनंतर जीवशास्त्र किंवा इंग्रजी अतिरिक्त विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळाकडून उत्तीर्ण होणारा विद्यार्थीही प्रवेशपरीक्षेस पात्र राहील. ही सवलत मोलाची आहे. परंतु तिच्या पायी एक वर्ष खर्ची पडते, आणि ज्यांच्या घरी एक वर्षही परवडत नाही अशांचीच मुले आपल्या शाळांत अधिक आहेत.

दुसरी गोष्ट गुणांची, आणि तीत टक्का व शतमक यांतील भेद सर्वांत महत्त्वाचा. वैद्यकाच्या प्रवेशासाठी 'नीट' ही अखिल भारतीय परीक्षा आहे. ती प्रथम २०१३ साली झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने रद्द झाली, २०१६ साली पुन्हा प्रस्थापित झाली आणि २०१९ पासून नॅशनल टेस्टिंग एजन्सी ती घेते. या परीक्षेत खुल्या वर्गास ५० वे शतमक, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील 'पर्सेंटाइल', मिळवावे लागते. पुष्कळांस वाटते की, ७२० पैकी ३६० गुण हवेत. वस्तुतः ५० वे शतमक याचा अर्थ परीक्षेस बसलेल्यांपैकी निम्मे विद्यार्थी आपल्या बरोबरीने किंवा आपल्या मागे आहेत, एवढाच. २०२५ साली ही रेषा ७२० पैकी १४४ गुणांवर पडली. म्हणजे २० टक्के गुणांत ५० वे शतमक मिळाले. त्या वर्षी सुमारे २२ लाख विद्यार्थी परीक्षेस बसले व १२ लाखांहून अधिक पात्र ठरले; आणि देशात एम. बी. बी. एस. च्या जागा सव्वा लाखाच्या आसपास होत्या. 'नीट पास झाला' हे वाक्य गावभर पेढे वाटण्यास पुरेसे असले तरी प्रवेशाच्या दृष्टीने त्याचा अर्थ किती थोडा आहे, हे या तीन आकड्यांवरून दिसेल.

उलटपक्षी बारावीच्या गुणांस आता काही किंमत राहिली नाही, असेही मुले म्हणू लागली आहेत. तेही खरे नव्हे. कर्नाटकाच्या सामायिक परीक्षेतून अभियांत्रिकीचा क्रम लावताना बारावीच्या भौतिक, रसायन व गणिताचे गुण आणि प्रवेशपरीक्षेचे गुण यांस सारखेच वजन दिले जाते. महाराष्ट्राच्या परीक्षेत क्रम केवळ प्रवेशपरीक्षेवर लागतो, बारावीचे गुण किमान अटीपुरते पाहतात. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत जेईई मेनचा क्रम चालतो, तरी खुल्या वर्गास बारावीत ७५ टक्के गुण असावे लागतात किंवा आपल्या मंडळातील पहिल्या वीस शतमकांत स्थान असावे लागते. म्हणजे एकच मुलगा तीन ठिकाणी अर्ज करतो तेव्हा त्याच्या त्याच गुणपत्रिकेचे मोल तीन प्रकारे होते.

आता तिसऱ्या गोष्टीकडे वळू. ती परीक्षेच्या भाषेची असून आपल्या अकादमीच्या वाचकांस ती विशेष जिव्हाळ्याची वाटेल. विधीच्या राष्ट्रीय विद्यापीठांसाठी होणारी 'क्लॅट' ही परीक्षा इंग्रजीतच होते. आय. आय. टी. साठी असलेली जेईई अ‍ॅडव्हान्स्ड इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांत होते. परंतु 'नीट' २०१७ पासून मराठीतही देता येते, आणि २०२१ पासून 'नीट' व जेईई मेन या दोन्ही परीक्षा १३ भाषांत होत आहेत. त्यांत मराठी आहे. महाराष्ट्राच्या विधी-प्रवेशपरीक्षेतही इंग्रजीबरोबर मराठी आहे. हे वाचून आनंद व्हावा असेच आहे. मात्र माहितीपुस्तिकेतील एक ओळ बहुतेकांच्या नजरेतून निसटते. 'नीट' व जेईई मेन या परीक्षांत प्रादेशिक भाषेची पत्रिका त्या त्या प्रदेशातील केंद्रांवरच मिळते, आणि मराठीपुढे फक्त महाराष्ट्राचे नाव आहे. म्हणजे बेळगाव केंद्र निवडणाऱ्या मराठी मुलास मराठी पत्रिका मागता येत नाही. ती हवी असेल तर कोल्हापूर किंवा महाराष्ट्रातील दुसरे शहर निवडणे भाग आहे. पणजी, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर व हैदराबाद येथील मुलांचीही स्थिती हीच. इंग्रजी, हिंदी व उर्दू यांना असे प्रादेशिक बंधन नाही.

मग मराठी पत्रिका निवडावी काय? या प्रश्नाचे उत्तर अभिमानाने न देता विचाराने दिले पाहिजे. आपल्याकडील बहुतेक मुले दहावीपर्यंत मराठीत शिकतात आणि अकरावीपासून शास्त्र इंग्रजीत शिकू लागतात. दोन वर्षे 'रिफ्रॅक्शन', 'ऑस्मोसिस' हे शब्द ऐकलेल्या मुलासमोर परीक्षेच्या दिवशी 'अपवर्तन' व 'परासरण' हे शब्द आले, तर तो अडखळेल. तथापि प्रादेशिक भाषेच्या पत्रिकेत प्रश्न दोन्ही भाषांत छापलेले असतात, आणि जीवशास्त्राची लांबलचक विधाने मराठीतून वाचून अर्थ पटकन ध्यानी येणारी मुलेही आम्ही पाहिली आहेत. त्याचबरोबर भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी पाठच अंतिम मानला जातो, आणि अर्जात एकदा लिहिलेली भाषा बदलता येत नाही, हे नियमही आहेत. आमच्या मते ज्या मुलाने अकरावीपासून दोन्ही भाषांतील संज्ञा समोरासमोर ठेवून अभ्यास केला असेल त्यानेच मराठी पत्रिका घ्यावी. ज्याने तसे केले नाही, त्याने केवळ मातृभाषेच्या प्रेमाने ती घेऊ नये. मातृभाषेवरचे प्रेम परीक्षेच्या तीन तासांत दाखवावयाचे नसते. ते आठवी, नववी व दहावीच्या वर्गांत शास्त्र चांगले शिकवून दाखवावयाचे असते.

शेवटचा आणि सर्वांत गुंतागुंतीचा उंबरठा म्हणजे जागेचा हक्क. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय असतात, त्यांस अधिवासाची अट नाही. उरलेल्या जागा राज्याच्या. आणि 'राज्याचा विद्यार्थी कोण' या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक परीक्षा निराळे देते. कर्नाटकात मुख्य अट अशी की, विद्यार्थ्याने पहिली ते बारावीच्या काळात किमान सात वर्षे राज्यातील मान्यताप्राप्त शाळांत शिक्षण घेतलेले असावे, आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा राज्यातून उत्तीर्ण केलेली असावी. येथे माध्यमाचा प्रश्न नाही. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलासही हा हक्क पूर्णपणे आहे. याउलट राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत निम्म्या जागा स्वराज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात, आणि तेथे स्वराज्य म्हणजे ज्या राज्यातून बारावी उत्तीर्ण झाले ते राज्य.

या दोन नियमांचा एकत्र परिणाम उदाहरणाने स्पष्ट करू. खानापूर तालुक्यातील एक मुलगा दहावीपर्यंत तेथेच शिकला आणि अकरावी-बारावीसाठी कोल्हापुरास गेला. दहावी कर्नाटकातून उत्तीर्ण व सात वर्षांहून अधिक शिक्षण तेथेच, म्हणून कर्नाटकाच्या जागांवरचा त्याचा हक्क कायम राहिला. पण बारावी महाराष्ट्रातून झाल्यामुळे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांच्या हिशेबात तो महाराष्ट्राचा झाला: सुरतकलच्या संस्थेत तो परराज्यातला आणि नागपूरच्या संस्थेत स्वराज्यातला. यांत लाभ आहे की हानी हे त्याच्या क्रमावर अवलंबून राहील. परंतु कोल्हापुरास जाताना हा विचार कुणाच्या मनात आला होता का, हा खरा प्रश्न.

सीमाभागापुरती आणखी एक तरतूद आहे. महाराष्ट्र शासन ज्या ८६५ गावांवर आपला दावा सांगते, त्या गावांतील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांस महाराष्ट्रातील अभियांत्रिकी इत्यादी पदवीक्रमांच्या प्रवेशात राज्याचे उमेदवार म्हणून स्वतंत्र वर्गात मान्यता दिलेली आहे. वैद्यकीय शाखांतही काही जागा त्यांच्यासाठी राखलेल्या असतात. एरवी महाराष्ट्राचा अधिवास मिळविण्यास पंधरा वर्षांचे वास्तव्य लागते, हे पाहिले म्हणजे या तरतुदीचे महत्त्व कळेल. कर्नाटकानेही पलीकडे जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, गडहिंग्लज या तालुक्यांतील कन्नड भाषिक मुलांसाठी 'गडिनाडु कन्नडिग' म्हणून अशीच सोय ठेवली आहे. सीमेचा वाद न्यायालयात पडून आहे. तो आमच्या लेखाचा विषय नाही. मुलांच्या शिक्षणापुरते तरी दोन्ही राज्यांनी एकमेकांच्या भाषिकांसाठी एकेक खिडकी उघडी ठेवली आहे, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

पण ही खिडकी कोणत्या किल्लीने उघडते? शाळा किंवा निवास त्या गावांपैकी एकात असल्याचा दाखला, आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला, या दोन कागदांनी. मातृभाषेचा दाखला मुख्याध्यापक आपल्या मनाने देत नाही. तो दाखल रजिस्टरावरून देतो. पहिलीत नाव घालताना मातृभाषेच्या रकान्यात जे लिहिले गेले ते बारा वर्षांनी महाविद्यालयाच्या खिडकीत वाचले जाते. आमच्या परिचयातील एका मुलीच्या बाबतीत तिच्या पहिल्या शाळेत हा रकाना भरणाऱ्याने साऱ्या वर्गापुढे सरसकट राज्यभाषेचे नाव लिहिले होते. घरात तीन पिढ्या मराठीशिवाय दुसरी भाषा नाही, मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. पण कागद निराळे बोलत होता. दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र, शिक्षण खात्याची परवानगी, मूळ शाळेची नोंद, असे हेलपाटे घालण्यात प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या. मुलीचे गुण पुरेसे होते. ती आज विज्ञानाची साधी पदवी घेत आहे. ती पदवी कमी प्रतीची आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ती तिने निवडलेली नाही, एका रकान्याने तिच्यासाठी निवडली.

यावरून शाळांनी काय करावयाचे ते आपोआपच निघते. प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकांनी नवीन नाव दाखल करताना नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात आणि मातृभाषा हे रकाने पालकांसमोर वाचून दाखवावेत व त्यांची सही घ्यावी. माध्यमिक शाळांनी आठवीतच प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद पुन्हा तपासावी. त्या वेळी दुरुस्तीस अवधी असतो, बारावीनंतर नसतो. दहावीच्या वर्षी, निकालापूर्वी, पालकांची एक सभा घेऊन विषयांचे कॉम्बिनेशन, वयाची अट आणि बारावी कोणत्या राज्यातून करावयाची, या तीन गोष्टी फळ्यावर लिहून समजावून द्याव्यात. त्या सभेस शाळेचा कारकूनही बसवावा. कागद तोच भरणार असतो. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबून सल्ला देऊ नये. त्या वर्षीची माहितीपुस्तिका समोर ठेवावी.

साहित्य अकादमीसारख्या संस्थेने या व्यवहारी प्रश्नात का पडावे, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या मते सरळ आहे. परमुलखातील मराठी शाळा चालते ती पालकांच्या विश्वासावर. या शाळेत घातलेल्या मुलाची पुढील वाट बंद होते असे एकदा पालकांस वाटू लागले की तो दुसऱ्या माध्यमाची शाळा शोधतो. आणि शाळेत मुले राहिली नाहीत तर दहा वर्षांनी या नियतकालिकाचा वाचकही राहणार नाही. म्हणून अकादमीच्या शास्त्र जाणणाऱ्या सभासदांनी आठवी ते बारावीच्या शास्त्रीय संज्ञांची मराठी-इंग्रजी अशी एक छोटी, वर्गात वापरण्याजोगी पुस्तिका करावी. आणि मराठी पत्रिकेसाठी बेळगाव, पणजी, बडोदे, इंदूर, हैदराबाद येथेही केंद्रे मिळावीत म्हणून ठिकठिकाणच्या मंडळांनी मिळून मागणी करावी. उर्दूची पत्रिका देशभर कोठेही मिळू शकते, तर मराठीची आणखी चार-पाच शहरांत मिळण्यास अडचण असू नये.

प्रवेशपरीक्षेची तयारी शिकवणीवर्ग करून घेतील. त्यासाठी ते पैसे घेतात. पण रजिस्टरातील रकाना, दहावीनंतरची विषयनिवड आणि दोन भाषांतील संज्ञांची ओळख या तीन गोष्टी शिकवणीवर्गाच्या हाती नाहीत. त्या आपल्या हाती आहेत, आणि त्यांना खर्च काहीच येत नाही. येत्या जूनमध्ये दाखल रजिस्टर उघडाल तेव्हा मातृभाषेच्या रकान्यावर बोट ठेवून पालकांस एकदा विचारावे, एवढीच आमची आपल्या शिक्षकबंधूंना व भगिनींना विनंती आहे.